पेटंट जिंकले, आता माती राखावी



जखमेवर हळद लावावी, हे सांगणाऱ्या आजीबाईला कोणी संशोधक म्हटले नाही. १९९५ मध्ये मात्र याच गुणावर अमेरिकेत पेटंट दिले गेले! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

नागपूरच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तेथील हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण कागदावर राखलेला हा वारसा ज्या मातीत पिकतो, तिचे काय?

विदर्भाची काळी कसदार माती पाणी धरून ठेवते. कापसाला जो गुण, तोच हळदीला संततधार पावसात शाप ठरतो. निचरा नसेल तर मुळांना हवा मिळत नाही. पिथियमसारख्या रोगकारकाचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात. पाने कडांकडून पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो आणि कंद सडतो. हीच कंदकूज. पान पिवळे दिसेपर्यंत जमिनीखाली बरेच नुकसान झालेले असते.

मग केवळ औषध ओतून भागत नाही. शिवाय जे स्वतःच औषध, त्यात विषाचा अंश राहू देणे हा कोणता न्याय? औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, याचे विवेचन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. औषधाची शुद्धता जमिनीपासूनच सुरू होते, ही दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे.

उपायही आवाक्यातले आहेत. गादीवाफ्यावर लागवड, पाण्याला वाट, निरोगी बेणे, त्याच शेतात पुन्हा हळद किंवा आले न घेता पिकाची फेरपालट, आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळलेले शेणखत. खत मात्र पूर्ण कुजलेले हवे. अर्धकच्चे शेण हुमणीला निमंत्रण देते. गोमातेचा जयजयकार करणाऱ्यांनी खताचा खड्डाही शास्त्रशुद्ध राखला पाहिजे.

शहरातील कुटुंबांचे कर्तव्यही कमी नाही. केवळ गडद रंग आणि पडता भाव पाहून हळद घेतली, तर माती जपणारा शेतकरी टिकणार कसा? त्याच्या श्रमाला रास्त दाम द्यावा. कार्यकर्त्यांनी येत्या लागवडीपूर्वी आपल्या संपर्कातील प्रत्येक गावात माती परीक्षण होईल, असा संकल्प करावा.

भूमीला आपण माता म्हणतो. तिची प्रकृती विचारणे हे पुत्रांचे पहिले काम आहे.