फॉरमॅट मारण्याआधी

विषय आहे खोट्या दुरुस्ती-सॉफ्टवेअरचा. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय असं पडद्यावर ओरडून सांगायचं आणि पैसे भरा, नीट करतो म्हणायचं, असा ज्याचा धंदा आहे ते सॉफ्टवेअर. ते कसं ओळखायचं यावर बरंच लिहून आलंय, तुम्हीही वाचलं असेल. म्हणून ओळखण्यावर मी वेळ घालवत नाही. ते घरात शिरल्यावर आपण काय करतो, त्याबद्दल मला बोलायचंय. आपण घाबरतो. मशीन उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो. तिथला मुलगा दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल." आणि आपण म्हणतो, "मार बाबा, काय ते कर."

तिथे, त्या वाक्याला, मला तुम्हाला थांबवायचंय. फॉरमॅट मारू नका. निदान आज मारू नका.

का ते सांगते. २०१० सालच्या अखेरीपासून या जातीची एक मोठी टोळीच विंडोजवर उतरली. मायक्रोसॉफ्टने तिला नाव दिलं फेकसिसडेफ. पडद्यावर मात्र ती वेगवेगळ्या नावांनी यायची: सिस्टम रिपेअर, सिस्टम फिक्स, सिस्टम चेक, विंडोज रिकव्हरी, डेटा रिकव्हरी. नाव बदलायचं, खिडकी तीच. हार्ड डिस्क खराब झाली, रॅम तापली, अमुक भाग वाचता येत नाही, असे इशारे एकामागून एक. त्यातला एकही खरा नसायचा. पण त्याच वेळी डेस्कटॉप काळा व्हायचा, त्यावरचं सगळं गायब. माय डॉक्युमेंट्स उघडावं तर रिकामं. स्टार्ट मेन्यू रिकामा. आता सांगा, हार्ड डिस्क गेली असं समोर लिहून आलंय आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये एकही फोटो नाही, यावर कोण विश्वास ठेवणार नाही? मी कुणालाही भोळं म्हणणार नाही. भल्याभल्यांचे हात कापायचे.

आणि ते फोटो? ते तिथेच होते. एकही गेलेला नव्हता. त्या सॉफ्टवेअरने फक्त प्रत्येक फाइलवर 'लपवलेली' अशी खूण करून ठेवली होती.

हे नीट लक्षात यावं म्हणून एक कल्पना करा. तुमच्या घरात एक अनोळखी गवंडी शिरला. भिंतीवर टकटक करून म्हणतो, तुमचं घर आतून पोकळ झालंय, आज ना उद्या कोसळणार. तुम्ही दारात उभे राहून शेजाऱ्यांशी बोलताय तोवर त्याने स्वयंपाकघरातली सगळी भांडी उचलून माळ्यावर टाकली. मग तुम्हाला बोलावून रिकाम्या फळ्या दाखवल्या: बघा, गेलं ना सगळं! द्या पैसे, परत आणतो. तुम्ही शहाणे, पैसे दिले नाहीत, त्याला हाकललं. पण नंतर रिकाम्या फळ्या बघून काय केलंत? जेसीबी बोलावून घरच पाडलं. माळ्यासकट. फॉरमॅट म्हणजे हा जेसीबी. भांडी गवंड्याने नेली नव्हती, ती आपण गाडली.

मग माळ्यावर भांडी आहेत की नाहीत, हे खाली उभं राहून कसं कळणार? फार सोपं आहे, आणि आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट लिहून घ्या. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि 'यूज्ड स्पेस', म्हणजे भरलेली जागा बघा. तुमची डिस्क काल निम्मी भरलेली होती आणि आजही निम्मीच भरलेली दिसते, तर सामान घरातच आहे. फाइली खरंच पुसल्या गेल्या असत्या तर जागा मोकळी झाली असती. डी ड्राइव्ह असेल तर तिथेही बघा. पडदा काहीही म्हणू दे, भरलेली जागा बघा.

आता त्याच गवंड्याची दुसरी खोडी. स्टार्ट मेन्यूतल्या आणि डेस्कटॉपवरच्या ज्या शॉर्टकट फाइली असतात ना, त्या तो नुसत्या लपवत नसे. त्या उचलून टेम्प फोल्डरमध्ये, 'एसएमटीएमपी' नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवायचा. आत एक, दोन, तीन, चार अशा आकड्यांचे कप्पे, स्टार्ट मेन्यूचं एकात, टास्कबारचं दुसऱ्यात, असं वाटून. टेम्प फोल्डर म्हणजे घरातली केराची बादली. म्हणजे कपाटांच्या किल्ल्या केराच्या बादलीत. आणि आपल्याला वर्षानुवर्षं शिकवलंय काय, की व्हायरस आला की पहिल्यांदा टेम्प फाइली साफ करा, क्लीनर चालवा, मशीन हलकं होईल. एरवी त्यात काही चूक नाही. इथे मात्र ती बादली तुम्ही थेट घंटागाडीत उपडी केलीत. गाडी वळली गल्लीच्या टोकाला आणि किल्ल्या गेल्या. म्हणून फॉरमॅट नको तसं 'डिस्क क्लीनअप'ही नको. सगळं जागच्या जागी परत येईपर्यंत काही म्हणजे काही पुसायचं नाही.

तर मग करायचं काय? आधी इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा राउटरची वायर काढा. मग मशीन सेफ मोडमध्ये सुरू करा. जुन्या विंडोज सातवर सुरू होताना एफ आठ दाबत राहायचं. दहा आणि अकरावर शिफ्टचं बटण धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज. इतकं इंग्रजी रेडिओवर ऐकून लक्षात राहणार नाही, याची मला कल्पना आहे. नातवाला शेजारी बसवा. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकंच सामान घेऊन उठतं, त्यामुळे हा पाहुणा सहसा आपोआप जागा होत नाही. मग नावाजलेल्या अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालेल, त्यात 'ऑफलाइन स्कॅन' म्हणून सोय आहे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. या टोळीबरोबर पुष्कळदा टीडीएसएस नावाचा रूटकिट, खोल दडून बसणारा, आलेला असायचा. त्यासाठी कॅस्परस्कीने टीडीएसएस-किलर नावाचं वेगळं साधन काढलं होतं.

सॉफ्टवेअर गेलं की भांडी माळ्यावरून खाली. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'हिडन आयटेम्स दाखवा' ही खूण करा, तुमचे फोल्डर फिकट दिसू लागतील. त्यांवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'हिडन'समोरची खूण काढा आणि आतल्या सगळ्या फाइलींनाही लागू करा म्हणून सांगा. संपलं. हे सगळं एकदम करून शॉर्टकटही जागेवर ठेवणारं 'अनहाइड' नावाचं छोटं साधन लॉरेन्स एब्रम्स यांनी लिहिलं होतं. फुकट होतं आणि त्याने किती घरांतले फोटो परत दिसले असतील, देव जाणे. पण तेसुद्धा बादली रिकामी करण्याआधी चालवलं तरच शॉर्टकट परत येणार. आलं ना लक्षात? आधी शोध, मग झाडू.

कुणी म्हणेल, बाई, २०१० सालचं काय सांगताय. बरोबर आहे, तो प्रकार आता क्वचितच दिसतो. पण धंदा थांबलेला नाही, त्याने कपडे बदललेत. अमेरिकेतलं उदाहरण देते, कारण तिथे सरकारी आयोगाने पाठपुरावा करून ते चव्हाट्यावर आणलं. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल करायची तडजोड केली. आयोगाचं म्हणणं असं, की तपासणी सुरू करण्याआधी दुकानात गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारले जायचे: मशीन हळू चालतं का, इशारे येतात का, वगैरे. त्यातल्या एकालाही 'हो' म्हटलं की तपासणीचा निकाल तिथेच ठरला. स्कॅन नुसतं फिरत राहायचं. पुढे २०२४ मध्ये रिस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या दोन कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. तक्रार अशी, की कॉम्प्युटरची खरी अवस्था काहीही असो, यांची तपासणी काही ना काही दोष दाखवायचीच, आणि मग फोनवरचा माणूस आणखी महागडी दुरुस्ती गळ्यात मारायचा. मायक्रोसॉफ्टनेही १ मार्च २०१८ पासून घाबरवून पैसे भरायला लावणारे असे 'क्लीनर' डिफेंडरने काढून टाकायला सुरुवात केली. तेव्हा पडद्यावर बाराशे एरर्स दिसले तर त्या आकड्याला घाबरू नका. धडधाकट मशीनच्या नोंदवहीतसुद्धा चुकांच्या नोंदी असतातच. आणि एक खूणगाठ बांधा: विंडोजचा खरा इशारा कधीही फोन नंबर देत नाही.

या नव्या प्रकाराला काढणं तर आणखी सोपं. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा, इन्स्टॉल केल्याच्या तारखेने लावा, भानगड सुरू झाली त्या दिवशी काय काय आलं ते समोर दिसेल. काढून टाका. मग स्टार्टअपची यादी बघा, टास्क शेड्युलर बघा, ब्राउझरमध्ये कुठल्या अनोळखी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलीय ते बघा. कित्येक घरांत तर सॉफ्टवेअर नसतंच, कोपऱ्यात उगवणारं ते नोटिफिकेशनच असतं! आणि त्यापायी मशीन दुकानात. त्यापायी फॉरमॅट.

मी दुकानांतल्या मुलांवर रागावलेली नाही. त्यांना चारशे-पाचशे रुपयांत काम उरकायचं असतं, फॉरमॅट मारून विंडोज टाकायला तासभर लागतो, शोधत बसायला दिवस जातो. त्यांचं गणित मला कळतं. पण तुमच्या घरातल्या आजोबांचा शेवटचा वाढदिवस त्या गणितात धरलेला नसतो. तो तुम्ही धरायचा. पूर्वीच्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर 'क्विक फॉरमॅट' झाला असेल आणि वर काही लिहिलं गेलं नसेल, तर नशिबाने बरंच परत काढता यायचं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहून टाकतो, तिथे आशा संपली. आणि आता घरोघर एसएसडी आल्यात. त्यांच्यात 'ट्रिम' नावाची व्यवस्था असते, मोकळ्या झालेल्या जागेवरचं डिस्क स्वतःच मागच्या मागे साफ करते. तिथे क्विक फॉरमॅटनंतरही हाती काही लागणं जवळजवळ अशक्य. म्हणजे जेसीबी आता मलबासुद्धा ठेवत नाही.

म्हणून मशीन द्यायचंच असेल तर त्यावर कागद चिकटवा, ठळक अक्षरांत: आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करावा, मला दाखवावा, मगच पुसावं. तोंडी सांगू नका. संध्याकाळी दुसरा मुलगा कामावर येतो, त्याला सकाळचं बोलणं माहीत नसतं. कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो त्याच्यासमोर उघडून बघा. मग खुशाल फॉरमॅट मारा, माझी हरकत नाही.

एक फरक मात्र सांगायलाच हवा, नाहीतर माझ्या बोलण्याने कुणाची फसगत होईल. फाइली दिसताहेत पण त्यांच्या नावांना भलतंच शेपूट लागलंय, उघडत नाहीत आणि खंडणीची चिठ्ठी आलीय, तर ते रॅन्समवेअर. तिथे फाइली लपवलेल्या नसतात, कुलूपबंद केलेल्या असतात. त्याचे उपाय वेगळे, तो विषय आजच्या वेळेत मावणार नाही. पण पुसू नका हे तिथेही खरं. काही वेळा पुढे किल्ली सापडते, आणि...

वेळ कमी उरलाय असं खुणावताहेत. तर पैशांचं भरभर. या खोट्या दुरुस्तीवाल्यांना कार्ड नंबर दिला असेल तर आधी बँकेला फोन, कार्ड बंद. यांची वर्गणी पुष्कळदा दरवर्षी आपोआप कापली जाते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका, वाचा, त्यातूनच परवानगी रद्द करता येते. पैसे गेलेच असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा राष्ट्रीय क्रमांक फिरवा, जितक्या लवकर तितकं बरं. फोनवरच्या माणसाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरने मशीनचा ताबा दिला होता का? दिला असेल तर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून बदला, याच मशीनवरून नको. ॲपलच्या मॅकवरही हा धंदा चालतो, त्याबद्दल दोन शब्द सांगायचे होते, पण निवेदकांनी आता हातच वर केलाय.