अंतःसाधना आणि सेवेची वेळ



लहरीपुरा हा बडोद्याच्या जुन्या नगराचा पश्चिम दरवाजा. त्यातून आत गेलेला मनुष्य नगराच्या मध्यावरील मांडवीस पोहोचतो. उलट फिरला की तोच मार्ग त्याला बाहेरच्या लोकांत नेतो. मार्ग एकच, दिशा दोन. अंतःसाधना आणि परसेवा यांचेही नाते असेच आहे. तथापि पुष्कळ साधकांस वाटते की, सेवेत वेळ गेला म्हणजे ध्यान बुडाले. आणि पुष्कळ सेवकांस वाटते की, ध्यानास बसणे हा आळसाचाच एक सोज्ज्वळ प्रकार होय. या दोघांचेही समाधान करणारे आचरण याच बडोद्यात राहून गेलेल्या एका गृहिणीचे आहे.

आचार्य विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा त्यांचा संकल्प होता आणि त्या एकेक दाणा मोजीत असत. यजमान नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. तोळाभर तांदळातील दाणे मोजून पुढे वजनानेच हिशेब करावा, असे त्यांनी सुचविले. मातोश्रींनी मुलाला विचारले. हे गणित नव्हे, दाण्यागणिक घडणारे ईश्वराचे व संतांचे स्मरण आहे, असा निर्वाळा विनोबांनी दिला.

पुढे शेजारच्या घरातील गृहिणी घरी नसताना तिथला स्वयंपाकही रुक्मिणीबाई करीत. आधी आपल्या घरचा उरकून मग त्या शेजारी जात. हा स्वार्थ नव्हे काय, असे विनोबांनी विचारले. आईने समजाविले की, तिकडचे आधी करून ठेवले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते निवून जाईल. त्यांना ऊन अन्न मिळावे म्हणूनच हा क्रम.

दाण्याचे मर्म ज्याने अचूक जाणले, त्याच बुद्धिमान पुत्राला ताटाचे मर्म उमगले नव्हते. आईच्या ठायी मात्र दोन्ही एकच होते. दाणा मोजताना जे चित्त अन्यत्र जात नसे, त्याच चित्ताला दुसऱ्याची भूक नेमकी केव्हा लागेल हे दिसत असे. चित्ताची एकाग्रता आत वळली की भक्ती होते, बाहेर वळली की सेवा होते.

विनोबांनी 25 मार्च 1916 रोजी बडोद्याचे घर सोडले. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही, तेव्हा विन्यानेच ती सोप्या मराठीत का करू नये, अशी आईची इच्छा होती. 1918 मध्ये त्या माउलीने देह ठेवला. ‘गीताई’ रचली गेली 1930–31 मध्ये. ती घरोघर पोहोचली. जिच्यासाठी ती मुळात मागितली गेली होती, ती वाचक मात्र उरली नव्हती. पुढे 1951 पासून भूदानासाठी गावोगाव पायी फिरताना, अनोळखी माणसाच्या दारी त्याच्या गरजेच्या वेळी पोहोचण्याचा आईचाच धडा विनोबांनी गिरविला.

अशा थोर पुरुषालाही जी वेळ परत मिळाली नाही, ती सामान्य संसारी माणसाला कोठून मिळणार? म्हणून साधकाने आपली प्रगती जपाच्या संख्येने मोजू नये. घरातील वृद्धांचे, शेजारच्या आजाऱ्याचे मागणे न बोलता ध्यानात येते काय, आणि आले तर आजच हात पुढे होतो काय, हे पाहावे. अन्न ऊन आहे तोवरच ते वाढले गेले पाहिजे.