भातानंतरच्या पिकाला चुना द्या, पण माती तपासून
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्या कोकणात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. हे पाणी जांभ्याच्या जमिनीतून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरते. जमीन आम्ल होते ती अशी. सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटते. शिवाय आपण पैसे मोजून घातलेले स्फुरद मातीत अडकून पडते. अशा वेळी सुपर फॉस्फेटची आणखी एक गोणी ओतून काय साधणार?

चुना घाला, पण सगळीकडे नको. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की काही आठवड्यांत सामू आपोआप 7 कडे सरकतो. तेव्हा खरीप भातासाठी चुन्यावर खर्च करण्याची घाई नको. पाणी ओसरले की सामू पुन्हा उतरतो, आणि नेमका तेव्हाच तुम्ही भुईमूग किंवा वाल पेरता! त्यांच्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंना आम्लता मानवत नाही. भुईमुगाच्या शेंगा भरायलाही कॅल्शियम हवेच.

मात्रा नुसत्या सामूवरून ठरत नाही. सामू सारखाच असला तरी चिकण मातीला रेताड मातीपेक्षा जास्त चुना लागतो. म्हणून प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' काढून मागा. अहवालात हेक्टरी 2 टन चुनखडी आली, तर गुंठ्याला 20 किलो पडते. 100 किलो शुद्ध चुनखडीचे काम 74 किलो विरवलेला किंवा 56 किलो कळीचा चुना करतो. कळीचा चुना अंग भाजतो, डोळे जपा. शिंपल्यांची पूडही चालते, मात्र ती बारीक हवी. खडे वर्षानुवर्षे तसेच राहतात. जास्त चुना घातला तर जस्त आणि बोरॉनची कमतरता भासते.

जिप्सम म्हणजे चुना नव्हे, मग दुकानदार काहीही सांगो. त्यातून कॅल्शियम मिळते, सामू वाढत नाही.

पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे चुना पसरून वरच्या 15 सेंटिमीटर मातीत मिसळा. युरिया किंवा अमोनियम सल्फेट त्याच वेळी देऊ नका, नत्र वायुरूपाने उडून जाते.

नमुना घेताना राबाची जागा टाळा. राखेमुळे तिथला सामू वाढलेला असतो.