शेतकरी कोणाला म्हणावे?



माळेगावच्या जत्रेत बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो; नुसती पावती पाहून कोणी बैल घेत नाही. सरकार मात्र शेतकरी ओळखते ते केवळ कागदावरून. म्हणून शेतकऱ्याला मिळणारी मदत नेमकी कोणाच्या पदरी पडते, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान सन्मान निधी सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, ३ हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यावर. २०२३ मध्ये राज्य सरकारने त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. मधला दलाल गेला, हे चांगलेच झाले. परंतु हा पैसा मिळतो तो सात-बाऱ्यावर नाव असलेल्याला. प्रारंभी २ हेक्टरांची मर्यादा होती. ती त्याच वर्षी उठली. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर असे काही वगळून मोठा खातेदारही आत आला. बटईदार बाहेरच राहिला.

बटई कशी ठरते, हे लोह्याच्या माणसाला सांगायला नको. मृगाच्या आधी तोंडी बोली होते. कोठे रास निम्मी-निम्मी, कोठे ठोक्याची रक्कम आधीच मोजून द्यायची. पुढे काढणीच्या वेळी सोयाबीन पाण्यात गेले, तर ठोक्याचा पैसा परत येत नाही. आणि अतिवृष्टीचे अनुदान आलेच, तर ते खातेदाराच्या खात्यावर! पीककर्जही सात-बाऱ्यावर, म्हणून कर्जमाफीही तेथेच. २०१७ ची माफी दीड लाखापर्यंत, २०१९ ची २ लाखांपर्यंत. दोन्ही बँकांच्या कर्जाला. खत-बियाण्याच्या दुकानातील उधारी कोण माफ करणार?

याहून कठोर गोष्ट पुढेच आहे. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्याचे २००६ मध्ये ठरले. पण त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावे हवी, आणि कर्ज बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे हवे. बटईदाराच्या विधवेच्या अर्जावर ‘अपात्र’ असा शेरा पडतो. आपल्याकडे मरणालासुद्धा सात-बारा लागतो!

मग जमीनमालक दुष्ट आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दोन एकरांचा धनी पोटासाठी ऊसतोडीला नाही तर पुण्याला जातो, आणि जमीन बटईने लावतो. कागद करायला तो भितो. त्या भीतीला इतिहास आहे. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० साली झाला. त्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. पुष्कळ कुळे मालक झाली. तेव्हापासून मालक शहाणे झाले आणि बटई तोंडावरच राहिली. ज्या कायद्याने कालच्या कुळाला जमीन दिली, त्याच्याच धाकाने आजचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला आहे.

यावर उपाय नाही असे नाही. शेजारच्या आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला एक कार्ड दिले. तेव्हा तेलंगणही त्यातच होते. कार्डावर पीककर्ज व भरपाई मागता येई. जमिनीवर हक्क मात्र सांगता येत नसे. बँकांनी हात आखडता ठेवला, हे खरे; पण वाट तरी दिसली. आपल्याच देशाच्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने बटईदार आणि शेतमजूर यांनाही शेतकरी म्हटले आहे. व्याख्या झाली, पैसा अजून जुन्याच पाटाने वाहतो आहे.

आमचे मागणे थोडे आहे. दरवर्षी पेरणीनंतर ग्रामसभेत कोणते शेत कोण कसतो, याची यादी मोठ्याने वाचली जावी. या यादीने मालकी बदलणार नाही, असे तिच्या माथ्यावरच लिहावे, आणि सरकारने नुकसानभरपाईपुरती तरी ती मानावी. कोण कोणाचे शेत करतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. जे गावाला ठाऊक आहे ते सरकारला ठाऊक करून देणे, हे काम आपलेच आहे.