डॉक्टरांना विचारावें कीं विचारूं नये?

घरांतील वडील माणसाच्या रक्ताची तपासणी व्हावी, प्रयोगशाळेंतून कागद यावा आणि त्यावर एक-दोन आंकडे ठळक छापलेले दिसावे, एवढ्यानें सुशिक्षित कुटुंबाचीहि शांति ढळते. त्यांतच डॉक्टरांनीं "ही गोळी रोज घ्या" असें सांगितलें म्हणजे मनांत दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, डॉक्टरांना विचारणारे आपण कोण? दुसरा म्हणतो, गोळी जन्मभर घ्यावयाची ती आपण. मग तिचें कारण कळावयास नको काय?

प्रथम तो ठळक आंकडा म्हणजे काय तें पाहूं. आंकड्याशेजारी ज्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या बहुधा निरोगी माणसांच्या तपासणीवरून ठरविलेल्या असतात. शंभरांतील मधल्या ९५ जणांचे आंकडे त्यांत बसतात. अर्थात् उरलेले ५ जण निरोगी असूनहि मर्यादेबाहेर पडतात. परस्परांशीं संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचाहि निदान एक आंकडा बाहेर जाण्याचा संभव शेंकडा ६४ इतका असतो.

गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें उदाहरण घ्या. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि टी. एस. एच. नांवाच्या द्रव्यानें तिला कामास लावते. थायरॉइड मंदावली कीं हें द्रव्य वाढतें. पण पुष्कळदां तें थोडेंसेंच वाढलेलें असतें, आणि थायरॉइडचा स्वतःचा स्राव पुरेसा असतो. ही वाढ कित्येकदां पुढील तपासणींत आपोआप नाहींशी होते. अशा, ६५ व त्याहून अधिक वयाच्या, ७३७ रुग्णांवर युरोपांत झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर, औषधाची गोळी घेणारे आणि तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी घेणारे यांच्या थकव्यांत व इतर लक्षणांत फरक आढळला नाहीं. उलट, टी. एस. एच. फारच वाढलें असेल, स्राव कमी पडत असेल, अथवा स्त्री गर्भवती असेल, तर त्याच गोळीची निकड वेगळी ठरते.

म्हणून विचारावें, आणि संकोच न धरितां विचारावें. ही तपासणी पुन्हां करून पाहावी काय? कांहीं काळ वाट पाहिली तर काय होईल? औषधाचा गुण आला हें केव्हां व कशावरून ओळखावयाचें? एवढे तीन प्रश्न पुष्कळ आहेत. आपणहि घेत असलेलीं सर्व औषधें सांगावीं. केसांसाठीं म्हणून घेतलें जाणारें बायोटिन मोठ्या मात्रेंत पोटांत गेलें असेल, तर तपासणीच्या कांहीं पद्धतींत थायरॉइडचे आंकडे चुकीचे येतात. अशा विचारण्यांत डॉक्टरांचा अधिक्षेप नाहीं. उपचाराचें स्वरूप, हेतु, पर्याय व धोके समजावून मगच रुग्णाची संमति घ्यावी, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००८ सालच्या एका निर्णयांत सांगितलें आहे.

मात्र दोन गोष्टींची सावधगिरी हवी. रक्तांतील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची गति बिघडते. अशा वेळीं उपचार आधीं व शंका मागाहून. दुसरें, समोर मान डोलावून घरीं गोळी बंद करणें हें सर्वांत घातक. पुढील तपासणींत आंकडा तसाच दिसला, कीं मात्रा अपुरी पडली असें समजून डॉक्टर ती वाढवितात; आणि रुग्णानें घाबरून तीच वाढीव मात्रा एकदम सुरू केली, तर उतारवयांत हृदयावर ताण पडतो.

वडील मंडळी भिडेस्तव गप्प राहतात. त्यांच्यासोबत मुलानें अगर सुनेनें जावें, प्रश्न कागदावर लिहून न्यावे आणि उत्तरेंहि तेथेंच टिपून घ्यावीं. ज्या डॉक्टरांना आपला आंकडा तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावयाचा आहे, त्यांना आपली शंका आजच कळलेली बरी.