माशाच्या पोटातील अग्नी

अग्नी पाण्यात दडला आणि माशाने त्याचा ठावठिकाणा देवांना सांगितला, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. फिनलंडच्या 'कालेवाला' महाकाव्यातील मासा चहाडी करीत नाही. तो अग्नीच गिळतो. सूर्यचंद्र कोंडलेले, चुली थंड पडलेल्या. आकाशातून निसटलेली ठिणगी सरोवरात पडते. माशात मासा, त्याच्या पोटात आणखी मासा, त्यात निळा चेंडू, निळ्यात तांबडा, आणि त्यात ती! पोट चिरताच वृद्ध वैनामोइनेनची दाढी होरपळवून ती रानात पळते. चित्रकाराची खरी कसोटी ज्वाळेत नाही, तिच्या आधीच्या काळोखात आहे. आक्सेली गालेन-काल्लेला याने १९२२ मध्ये या काव्याची सालंकृत आवृत्ती सजविली. त्याहून भव्य आवृत्तीचा त्याचा संकल्प होता. १९३१ मध्ये तो वारला, तेव्हा ती अपुरीच होती.