अधांतरी



आत्ता बाहेर तिन्हीसांज आहे. दिवस पुरता मावळलेला नाही, रात्र लागलेली नाही. उंबरठ्यावर बसलेल्या पोराला या वेळी आजी आत बोलावते. अशा अधल्यामधल्या वेळांना आपल्याकडे नावे आहेत, रीतिरिवाज आहेत, आणि त्या आपोआप सरतात. मला बोलायचे आहे ते न सरणाऱ्या अवस्थेविषयी. तिला आपण अधांतरी म्हणतो.

अधांतरी म्हटले की त्रिशंकू आठवतो. त्याची गोष्ट आपण त्याची फजिती म्हणून सांगतो. पण त्याला विश्वामित्राने वर पाठवले आणि इंद्राने खाली ढकलले. दोघांच्या हट्टापायी तो मध्येच राहिला. तिन्हीसांज होते, घोंगडे मात्र कोणीतरी भिजत ठेवते, जीव कोणीतरी टांगणीला लावते. तेव्हा अधांतरी काही दिसले की मी आधी विचारतो, ठेवणारा कोण?

आपला वऱ्हाडच पाहा. २१ मे १८५३च्या तहाने निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. आता गंमत बघा, पट्टाही कायमचा आणि मालकीही कायमची! लगेच १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये आपल्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले, तेही याच व्यवस्थेत. १९३६ मध्ये तर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, ही पदवी मिळाली. राजपुत्र हैदराबादेत, राज्यकारभार नागपुरातून! याला गोंधळ म्हणू नका. कलमवार लिहिलेली ही व्यवस्था होती. एका दरबाराला मान मिळत होता, दुसऱ्याला कापसाचा मुलूख. म्हणून ती जवळजवळ शतकभर टिकली. सारा भरणाऱ्या कुणब्याला मात्र त्याचा खरा राजा कोण, हे कोणी विचारले नाही.

तोच साचा आपल्या शकुंतला रेल्वेचा. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद रूळ किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी टाकला. देशातली रेल्वे सरकारची झाली, हा मार्ग कंपनीचाच राहिला. गाडी चालवायची रेल्वेने. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली. मालक एक आणि चालक दुसरा, मग रूळ कोणी दुरुस्त करायचे? शेवटी गाडीच थांबली.

पण सगळ्यांत जास्त मला खटकतो तो ‘बुडीत’ हा शब्द. निम्न पैनगंगा प्रकल्पाला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत, गावेच्या गावे त्या दिवसापासून बुडीत झाली. पाण्याचा थेंब चढला नाही आणि गाव बुडीत! पाव शतक उलटले तरी धरण पुरे नाही. धरण हवे की नको, हा वाद आज मी काढत नाही. पाण्यासाठी डोळे लावून बसलेले शेतकरीही आपलेच आहेत. मी मधल्या वर्षांविषयी बोलतोय. अशा गावात कवेलू काढून स्लॅब टाकावा का? विहीर खोदावी का? ज्या शाळेचे पुढे काय हेच ठाऊक नाही, तिला वाढीव खोली कोण मागणार? सोयरीक जुळवताना मुलीचा बाप काय विचारत असेल, ते मी सांगायला नको. बुडण्याचे नुकसान पाण्याआधीच सुरू होते, आणि त्या वर्षांच्या मोबदल्याचा रकाना मला कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

पुढच्या वेळी कोणी पुनर्वसनाची यादी घेऊन आले, तर एवढे विचारा: १९९७ साली पाळण्यात असलेला पोरगा आज बायकापोरांचा झाला आहे. त्याचे कुटुंब वेगळे धरणार, की त्याला अजून बापाच्याच घरात मोजणार?